ऊडनाडॅटा ट्रॅकसाठी गाडी तयार करतोय, काय लावू आणि काय टाळू?

सईची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला असतो. दोन मुलं, ११ आणि ७. मागच्या दिवाळीत २०१५ ची डिझेल प्राडो सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून नवरोबांच्या अंगात आलंय. जुलैच्या सुट्टीत ऊडनाडॅटा ट्रॅक करायचा आहे, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मरी ते मार्ला, साधारण ६२० किलोमीटर कच्चा रस्ता. आणि "जमलं तर" सिम्प्सन वाळवंट. या जमलं तरचा अर्थ मला कोणी सांगितलेला नाही.

फ्रिजच्या दारावर एक यादी लटकते आहे. छतावर उघडणारा तंबू, लोखंडी बुलबार (गाडीपुढचं जाड कुंपण), विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारी मोटर), छतभर लांब दिवा, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारं नळकांडं), नवीन सस्पेन्शन, मागे कप्पे, दुसरी बॅटरी, सोलर, डिझेलचे चार कॅन, ऑनिंग (गाडीच्या कडेला पसरायचं छत), गाडीतला फ्रिज. बेरीज १९ हजार डॉलर. आमचं बजेट ७ हजार, तेही माझ्या मते जास्तच.

यातलं खरंच लागतं काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. व्हिडिओ बघून सांगणारा एक घरात आहे.

कुंपणावरचा_सरडा
गावाचं नाव मरी आणि तुम्ही सहकुटुंब चाललात. आधी नवस बोला, मग विंच बघा.

डबल_डिक्लच
ताई, यादी दोनदा वाचली. बारा वस्तू आहेत, त्यात टायर नाहीत. इथेच सगळं आलं.

शहरात फिरणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा हायवेचे, पातळ भिंतीचे टायर असतात. तिकडच्या गिबर मैदानात लालसर, चकचकीत, धार असलेले दगड असतात. मी पहिल्या खेपेला जुन्याच टायरवर गेलो. विल्यम क्रीक या वाटेतल्या छोट्या वस्तीच्या अलीकडे मागचा डावा टायर बाजूने फाटला, वीतभर. बाजूची भिंत फाटली की पंक्चरची वात कामाची नाही, टायर फेकायचाच. बायको दगडावर बसून माझ्याकडे जे बघत होती ते अजून आठवतं.

तर पहिला खर्च: चांगले लाइट ट्रकचे (एलटी) ऑल-टेरेन टायर, पाचही. दुसरा: हवा भरायचा दणकट कंप्रेसर आणि खरा गेज. डांबरावर ३८ पीएसआय असेल तर कच्च्या रस्त्यावर २८ च्या आसपास आणा, मऊ वाळूत १८ पर्यंत. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, दगडाला अंगावर घेण्याऐवजी त्याच्याभोवती वाकतो, आणि गाडीतल्या माणसांची हाडंही वाचतात. मात्र हवा कमी तर वेगही कमी. २८ हवेवर ११० ने पळवाल तर टायर तापून फुटेल, आणि लोक दगडाला शिव्या देतील.

थारवाला_पुणे
मी भारतातून लिहितोय, क्षमस्व. पण हे सगळं जरा अतीच वाटतं. आम्ही चौघे शोरूममधून काढलेली थार तशीच लडाखला घेऊन गेलो. पँगाँग, हानले, सगळं. एक पंक्चर झालं, बस. बाकी मॅगी आणि जय भवानी.

डबल_डिक्लच
@थारवाला, लडाखला पंक्चर झाल्यावर किती वेळाने माणूस भेटला?

थारवाला_पुणे
दहा मिनिटांत. लष्कराचा ट्रक होता. त्यांनी चहापण दिला.

डबल_डिक्लच
माझं म्हणणं संपलं.

उंटावरचा_शहाणा
ॲडलेडला पंचवीस वर्षं झाली, त्या बाजूला सात-आठ खेपा. डिक्लचरावांशी सहमत, पण मी एक पायरी आधी जाईन. वस्तू निवडण्याआधी वजन करा.

आपल्याकडे उसाचा ट्रक कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो, तशी गाडी न्या. इथे कचरा डेपोवर, धान्याच्या गोदामावर सार्वजनिक काटे असतात, थोडे पैसे घेतात. तुमच्या प्राडोचं माणसं-सामानासकट कमाल वजन २९९० किलो आहे (पट्टीवर बघून खात्री करा). रिकाम्या गाडीचं वजा केलं की हातात सहाशे-साडेसहाशे किलो उरतात. खूप वाटतात ना? आता यजमानांची यादी मांडू. बुलबार ६५, विंच ३५, छतावरचा तंबू ६५, त्याखालची रॅक ३०, मागचे कप्पे ६०, फ्रिज भरून ४०, जुन्या पद्धतीची दुसरी बॅटरी ३०, पाणी ६०, डिझेलचे चार कॅन ८०. झाले ४६५. त्यात तुम्ही चौघे, धरा २३०. सातशेच्या घरात गेलात, आणि अजून कपडे, भांडी, हत्यारं, दुसरी स्टेपनी गाडीत चढायची आहे.

जास्त भरलेल्या गाडीचे स्प्रिंग आणि टायर आधी जातात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि छताची मर्यादा वेगळी असते, ती पुस्तिकेत शोधा.

ते चार कॅन तर आजच खोडा. या प्राडोला दोन टाक्या मिळून दीडशे लिटर मावतं. कच्च्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला १३ लिटर धरलं तरी हजारावर किलोमीटर जाते. मरी ते विल्यम क्रीक दोनशे, तिथून ऊडनाडॅटा दोनशे, तिथून मार्ला दोनशेच्या थोडं वर. तिन्ही ठिकाणी इंधन मिळतं, महाग मिळतं. निघण्यापूर्वी फोन करून "आहे ना?" एवढं विचारायचं.

कुंपणावरचा_सरडा
शहाणेकाका, वजनात फ्रिजवरच्या यादीचा कागद धरला का?

नटबोल्ट
नमस्कार. फ्रिजवरची यादी ज्याची, तो मी. बायकोने धागा काढलाय हे मला ऑफिसमधल्या मित्राने सांगितलं.

कॅन खोडले. पण बुलबारवर मी ठाम आहे. कांगारू काय बजेट विचारून समोर येतो का? रेडिएटर फुटला की दोनशे किलोमीटरवर मदत. आणि विंच नसेल आणि रुतलो तर?

सईची_आई
आलास का. जेवायला ये आधी.

पोळीभाजी
😄 सिडनीहून. बुलबारबद्दल: आमच्याकडे नाही, तीन मोठे प्रवास झाले. नियम एकच. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्काम, उजाडल्यावर तासाभराने निघायचं. कांगारू जास्त करून संधिप्रकाशात आणि रात्री बाहेर पडतात. त्यामुळे तो छतभर लांब दिवासुद्धा लागत नाही, कारण दिवा लावायची वेळ आली म्हणजे तुमचं आधीच चुकलंय.

डबल_डिक्लच
अर्धं पटतं. मी खाणीत काम करतो, रात्री चालवावं लागतं, बुलबारशिवाय मी घराबाहेर पडणार नाही. पण सहलीला गेलेल्या कुटुंबासाठी पोळीभाजींचं बरोबर. दिवसा मात्र एमूंवर लक्ष ठेवा, त्यांना शेवटच्या क्षणी दिशा बदलायची खोड असते. आणि मेलेल्या जनावरावर बसलेला मोठा गरुड जड असतो, उडायला वेळ घेतो. लांबूनच वेग कमी करा.

विंचबद्दल. विंचला ओढायला समोर झाड लागतं. त्या ट्रॅकवर मैलोन् मैल झाड नाही, विंच कशाला बांधणार, क्षितिजाला? लांब दांड्याचं फावडं आणि मॅक्सट्रॅक्ससारख्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या घ्या. रुतलात तर आधी हवा १६ वर, मग चाकापुढची वाळू उपसा, मग पट्ट्या. दहापैकी नऊ वेळा हवेवरच काम होतं.

दुसऱ्या गाडीने पट्ट्याने ओढायची वेळ आली तर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा कधीच अडकवू नका. तो गोळा तुटला की तोफगोळ्यासारखा येतो, माणसं मेली आहेत. वजन ठरवून दिलेल्या हुकालाच अडकवा, आणि मुलं पट्ट्याच्या दीडपट लांब उभी करा.

माळरान
सोलापूरहून वाचतोय, तिकडे आयुष्यात जाणार नाही. पण धागा झकास चाललाय. वाळवंटात एवढं जायचं कशासाठी, हे मात्र कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात फुकट बघायला मिळतं.

उंटावरचा_शहाणा
माळरान, रास्त प्रश्न. ऊडनाडॅटात २ जानेवारी १९६० ला ५०.७ अंश नोंदलं गेलंय, सोलापूरकराला आवडेल. म्हणूनच लोक जुलैत जातात. तेव्हा दिवसा विशीच्या आसपास आणि पहाटे कधी कधी शून्याजवळ. मुलांच्या स्लीपिंग बॅगा हलक्या घेऊ नका, सईची आई.

कशासाठी, तर माझ्यापुरतं सांगतो. तो रस्ता जुन्या 'घान' रेल्वेच्या कडेने जातो. १९८० ला ती बंद झाली आणि पश्चिमेकडे नवी लाइन टाकली. आता नुसते भराव, पडकी स्टेशनं आणि आल्जेबकिनाचा लोखंडी पूल उरलाय, अर्ध्या किलोमीटरहून लांब, खाली बहुधा कोरडी नदी. रेल्वे त्या वाटेने का गेली? कारण जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांची रांग तिथून जाते. आधी मूलनिवासींच्या वाटा, मग उंटांच्या, मग रेल्वेच्या, मग आपल्या प्राडो.

आणि उंटांचं नातं आपल्या बाजूचं आहे. १८६० ला बर्क आणि विल्सच्या, ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर पार करायच्या मोहिमेसाठी कराचीहून २४ उंट मेलबर्नला उतरले, उंटवाल्यांसकट. १८६६ ला थॉमस एल्डर या इथल्या व्यापाऱ्याने कराचीतूनच आणखी शंभरावर उंट आणि ३१ माणसं आणवली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. इथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी, पश्तून सगळे होते. 'घान' हे नावही त्यांच्यावरूनच पडलं असं मानतात. मरीला त्यांच्या मशिदीची प्रतिकृती उभी केलेली आहे, दहा मिनिटं थांबा.

उंटवाला ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधायचा. गाडीत तसंच. जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मध्ये. पाणी मागच्या दाराला टेकवून ठेवू नका.

कुंपणावरचा_सरडा
आयडीचं नाव सार्थ केलंत.

पोळीभाजी
आता स्वयंपाकाचं, कारण इथे कोणी पुरुष लिहिणार नाही.

कुकर न्या. लोक बीडाचे जड कॅम्प ओव्हन घेऊन जातात, छान दिसतात, पण आपला तीन लिटरचा कुकर गॅस किती वाचवतो हे शेजारच्या तंबूतल्या लोकांना बघून कळतं. त्यांचा बटाटा शिजेपर्यंत आपली खिचडी पोटात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तिळकूट, पोहे, दाण्याचं कूट. फ्रिज बंद पडला तरी चार दिवस निघतात.

मिल्डुराकडून जाणार असाल तर लक्षात ठेवा, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत यांबाला फळमाशीची तपासणी असते. ताज्या मिरच्या, टोमॅटो, लिंबं सगळी काढून घेतात. माझ्या पाव किलो मिरच्या डोळ्यांदेखत पिवळ्या डब्यात गेल्या. शिजवलेलं चालतं. तेव्हापासून ठेचा घरून परतून नेते.

आणि महत्त्वाचं: डबे. तो रस्ता पत्र्याच्या पन्हाळीसारखा असतो, तासन् तास थरथर. ॲल्युमिनियमचे आणि पातळ पत्र्याचे डबे एकमेकांवर घासून त्यांना भोक पडतं. खोटं वाटतं, पण पडतं. प्रत्येक डबा जुन्या मोज्यात घाला. रोज संध्याकाळी गाडीतला प्रत्येक नटबोल्ट हाताने हलवून बघा (इथला नटबोल्ट नाही, खरा).

नटबोल्ट
मोज्यात नारळाचं दूध? हे कुणाच्या व्हिडिओत नाही.

पोळीभाजी
म्हणून तर सांगतेय.

गावाबाहेरचा
बॅटरीवर कोणी बोललं नाही. ४० लिटरच्या फ्रिजला थंडीच्या दिवसांत दिवसाला ३०-४० ॲम्पिअर-अवर पुरतात. १०० ची एक लिथियम बॅटरी आणि डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना ती भरणारा) घ्या. रोज चार तास गाडी चालणार असेल तर सोलरची गरजच नाही. एका जागी दोन-तीन दिवस बसणार असाल तरच पॅनल.

डबल_डिक्लच
लिथियम इंजिनच्या कप्प्यात बसवू नका, तिथली उष्णता तिला सोसत नाही. मागे ठेवा. वायर जाड आणि दोन्ही टोकांना फ्यूज. आमच्या एका ओळखीच्यांनी फ्यूज वाचवला आणि गाडी घालवली.

थारवाला_पुणे
फ्रिज लागतोच का? बर्फाची पेटी?

गावाबाहेरचा
बर्फ दोन दिवसांत पाणी. मग त्या पाण्यात चीज पोहतं. पण मुलं लहान नसती तर मीही तेच म्हटलं असतं.

उंटावरचा_शहाणा
तंबूचं राहिलं. छतावरचा तंबू ऐटदार असतो, पण मुक्कामावरून नुसतं झऱ्यापर्यंत जायचं तर आख्खं घर गुंडाळावं लागतं. आणि सात वर्षांच्या मुलाला रात्री दोनला शू लागली की शिडी. साधा जमिनीवरचा तंबू घ्या, नाहीतर दोन स्वॅग, कॅनव्हासची गुंडाळी आणि आत गादी.

जागा निवडताना: कोरड्या नदीच्या पात्रात कधीच नाही. पाऊस शंभर किलोमीटरवर पडतो आणि पाणी रात्री तुमच्याकडे येतं. मोठ्या रिव्हर रेड गमच्या (निलगिरीच्या जातीचं झाड) खाली नाही. सावली सुंदर असते, पण वारा नसतानाही त्याची फांदी अचानक कोसळते. गुरांच्या पाण्याच्या टाकीजवळ नाही, माणसं दिसली की गुरं पाण्याला येत नाहीत आणि मालक योग्य ते बोलतो. बूट तंबूच्या आत. डिंगो (तिकडची रानकुत्री) उचलून नेतात, त्यांना चामडं आवडतं.

सईची_आई
सगळं लिहून घेतलं. पण मला खरी भीती संपर्काची आहे. फोन चालत नाही ना?

डबल_डिक्लच
गाव सोडलं की नाही. तीन गोष्टी. एक, ५ वॅटचा यूएचएफ रेडिओ. ४० नंबरवर ट्रकवाले बोलतात. तिकडचे रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक) ५३ मीटरपर्यंत लांब असतात, धुळीत मागून ओव्हरटेक करायचा विचारही नको. दोन, पीएलबी, म्हणजे आपली जागा कळवणारा संकटसंदेशक, हाताच्या पंजाएवढा, तीन-चारशे डॉलर. जिवावर बेतलं तरच बटण दाबायचं, संदेश उपग्रहावरून कॅनबेराच्या बचाव केंद्रात जातो. नोंदणी फुकट आहे, ती करा, म्हणजे त्यांना कळतं की शोधायचं कोणाला. तीन, उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, "पोचलो, ठीक" आईला कळवायला.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. पाणी माणशी रोज १० लिटर धरा, पिणं-स्वयंपाक धरून, वर दोन दिवसांचं राखीव. आणि एकाच मोठ्या टाकीत नको. एक फुटली तर दुसरी हवी.

नटबोल्ट
आणि सिम्प्सन?

उंटावरचा_शहाणा
नाही.

डबल_डिक्लच
नाही.

पोळीभाजी
या वर्षी नको हो.

उंटावरचा_शहाणा
कारण सांगतो, नाहीतर तुम्ही व्हिडिओ बघाल. ऊडनाडॅटा ट्रॅक हा कोरड्या दिवसांत सावकाश चालवला तर रस्ता आहे. सिम्प्सन हा रस्ता नाही. अकराशेच्या आसपास वाळूचे डोंगर, एकामागून एक, माउंट डेअर सोडलं की बर्ड्सव्हिलपर्यंत इंधन नाही. समोरून येणाऱ्याला दिसावं म्हणून गाडीला उंच झेंडा लावणं सक्तीचं, पास वेगळा, आणि १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असतं. एकट्या गाडीने, पहिल्या वर्षी, दोन मुलांसह? पुढच्या वर्षी आम्ही दोन गाड्या निघतोय. तेव्हा या, मागून या.

नटबोल्ट
ठीक. बिग रेड, म्हणजे सिम्प्सनचा तो प्रसिद्ध वाळूचा डोंगर, पुढच्या वर्षी. झेंडा मात्र आत्ताच घेतो.

सईची_आई
घेत नाहीस.

सईची_आई
(तीन आठवड्यांनी) अपडेट. काट्यावर जाऊन आलो. पूर्ण भरून, चौघे आत, टाकी फुल: २८७० किलो. काट्यावरच्या माणसाने "छान" म्हटलं आणि नवरोबा दिवसभर तेच सांगत फिरले.

घेतलं: टायर पाच आणि एक जास्तीची स्टेपनी, कंप्रेसर, पट्ट्या, फावडं, रेडिओ, पीएलबी, लिथियम, फ्रिज, मागचे स्प्रिंग बदलले. तंबू आधीचाच. बुलबार नाही, विंच नाही. सगळं मिळून सहा हजार चारशे. छतावरच्या लांब दिव्याची ऑर्डर कुणीतरी आधीच देऊन ठेवली होती. कोणाला हवा असेल तर सांगा, खोकंही उघडलेलं नाही.

कुंपणावरचा_सरडा
दिवा मी घेतो, गच्चीवर पापड वाळवताना कामाला येईल.

नटबोल्ट
(परत आल्यावर) जाऊन आलो, अकरा दिवस. सगळ्यांचे आभार. थोडक्यात लिहितो, सई फोटो निवडतेय.

डांबर संपून थोडं पुढे गेल्यावर गाडीतून उतरून चारही टायरची हवा २८ केली. पहिल्या टायरला मला पाच मिनिटं लागली, शेवटच्याला धाकट्याने दीड मिनिटात केली. त्याआधी पहिले दहा किलोमीटर ४० हवेवर चालवून बघितलं होतं, मुद्दाम. डॅशबोर्डवरचा गणपती पडला. २८ वर तो बसून राहिला. पंक्चर शून्य.

कोवर्ड स्प्रिंग्जला दोन रात्री राहिलो. जुन्या रेल्वेच्या स्लीपरांनी बांधलेल्या कुंडात कोमट पाणी, कडेला खजुराची झाडं, आणि पहाटे तंबूवर बर्फाची साय. विल्यम क्रीकच्या पुढे थोडा पाऊस आला, दीड दिवस रस्ता बंद. बोर्ड बघून थांबलो. एक गाडी न थांबता गेली, ती दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमागून परत आली. मागच्या दाराच्या रबरातून धूळ आत येत होती. एसीची बाहेरची हवा चालू ठेवून पंखा मोठा केला, आतला दाब वाढला, धूळ बरीच थांबली. हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

नारळाच्या दुधाचे दोन डबे फुटले. तिसऱ्या दिवशी मागच्या कप्प्यात सोलकढी झाली होती.

पोळीभाजी
मोज्यात घाला म्हटलं होतं ना!

सईची_आई
मोजे बुटात होते. बूट तंबूच्या बाहेर होते. एक मिळाला.